माझंच नाव बारीक का?



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेचा वार्षिक अंक छापून आला. जो तो आपलं पान शोधत होता. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी अंक घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाई, सगळ्यांची नावं मोठी आणि माझंच बारीक का?"

पाहते तर खरंच की! चूक माझीच होती. अंकाची पानं कॉम्प्युटरवर मीच लावली होती. मुलांची नावं आधी १२ पॉइंटात होती. ती लहान दिसतात म्हणून एकेक नाव शोधून मी १४ पॉइंट करत गेले. त्यात एक राहून गेलं. माझ्या दृष्टीने पुष्कळ नावांतलं एक, पण तिचं तर तेवढंच होतं ना!

यंदा छापखान्यातल्या दादांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बाई, स्टाइल का नाही केली?"

स्टाइल म्हणजे काय, सांगू? अक्षरांचा गणवेश! लेखाचं शीर्षक कसं दिसेल, लेखकाचं नाव कसं, मजकूर कसा, हे एकदाच ठरवायचं आणि त्या गणवेशाला नाव द्यायचं. पुढे गणवेशच बदलला, की तो घातलेली सगळी अक्षरं आपोआप बदलतात. कुणी मागे राहत नाही.

दादांकडे इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आहे. त्यात स्टाइल बनवताना 'शॉर्टकट' असा एक रकाना असतो. तिथे क्लिक करून कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि १ दाबायचा. झालं! आम्ही १ म्हणजे शीर्षक, २ म्हणजे लेखकाचं नाव आणि ३ म्हणजे मजकूर असं ठरवलं. मग नावाच्या ओळीत कर्सर नेऊन कंट्रोल आणि २ दाबलं, की नाव गणवेशात हजर. ओळ निवडायचीसुद्धा गरज नाही!

पण पहिल्यांदा माझी फजितीच झाली. कंट्रोल आणि १ दाबलं, तर शीर्षक जसंच्या तसं आणि पान मात्र एकदम मूळ आकारात दिसायला लागलं. दादा हसले. "बाई, वरच्या ओळीतला १ नाही. उजवीकडे कॅल्क्युलेटरसारखे आकडे आहेत ना, त्यातला!" वरच्या १ ला तिथे दुसरंच काम दिलेलं आहे. शिवाय उजवीकडचे आकडे चालायला 'नम लॉक' सुरू हवं. हे दोन्ही लक्षात ठेवा, म्हणजे तुमची फजिती व्हायची नाही.

घरी इनडिझाइन नसेल, तर हिरमुसू नका. लिबरऑफिस रायटर फुकट मिळतं. त्यात कंट्रोल आणि १ म्हणजे मोठं शीर्षक, २ म्हणजे उपशीर्षक आणि ० म्हणजे साधा मजकूर, असं आधीच ठरलेलं आहे. इथे वरच्या ओळीतले आकडे चालतात, बरं का! एफ११ दाबलं, की स्टाइलची यादी उघडते.

आता या आठवड्याचा उद्योग. वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी पाच मित्रांचे छोटे लेख टाइप करा. शीर्षकांना कंट्रोल आणि १, नावांना कंट्रोल आणि २. मग यादीतली नावांना दिलेली स्टाइल उघडून फक्त तिचा आकार बदला. पाचही नावं एकदम बदलली पाहिजेत. आईबाबांनो, तुम्हीही शेजारी बसा. ऑफिसच्या कामालाही हे उपयोगी पडेल.

आणि हो, आमचा यंदाचा अंक आला. ती मुलगी आता पाचवीत आहे. तिने आधी स्वतःचं नाव पाहिलं, मग मैत्रिणीचं. दोन्हींवर बोट ठेवून मापलं आणि माझ्याकडे बघून हसली.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई