‘परीक्षेला नाही’ म्हणण्याआधी



मी मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तीन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, सगळं जग तारांचं बनलंय म्हणे, खरं का?’ तिने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. मी म्हटलं, ‘अगं, ते शास्त्रज्ञांचं काम. आपल्याला परीक्षेला नाही.’ ती खाली बसली. त्या वर्षी तिने मला पुन्हा काहीच विचारलं नाही. ते मनाला लागलं, म्हणून मी स्वतःच स्ट्रिंग थिअरी वाचायला बसले.

गणित कळलं नाही, हे आधीच सांगते. पण गोष्ट कळली. इलेक्ट्रॉन, क्वार्क यांना आपण बिंदूसारखे कण मानतो. हा सिद्धांत म्हणतो की ते अतिसूक्ष्म तंतू आहेत. तंतूचं कंपन बदललं की आपल्याला वेगळा कण दिसतो, जसे तानपुऱ्याच्या तारेतून वेगवेगळे सूर निघतात. हे तंतू किती लहान? एकावर २५ शून्यं दिली, तर साधारण तितक्या पटीने अणूपेक्षा लहान मानले जातात. शिवाय हे गणित जमायला तीन नव्हे, तर काळ धरून दहा मिती लागतात!

मला सर्वांत आवडला तो इतिहास. १९६८ साली गॅब्रिएले व्हेनेत्सियानो यांनी कणांच्या टकरींसाठी एक सूत्र मांडलं. ते सूत्र कंपन पावणाऱ्या तंतूंचं आहे, हे नंबू, नील्सन आणि ससकिंड यांच्या लक्षात आलं ते नंतर. मूळ कामाला तो सिद्धांत उपयोगी पडला नाही. मग १९७४ मध्ये दिसलं की त्यातून गुरुत्वाकर्षणाचं वर्णन होऊ शकतं. म्हणजे उत्तर आधी हाती आलं आणि त्याचा प्रश्न मागून सापडला. मुलांना हे जरूर सांगा. आणि हे फक्त परदेशातलं काम नाही बरं का. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या विषयावर संशोधन चालतं.

आमचे एक सहकारी म्हणतात, ‘अर्धवट माहिती देण्यापेक्षा गप्प राहावं.’ त्यांची भीती खोटी नाही. तानपुऱ्याची उपमा घ्या. तार धातूची असते, धातू अणूंचा असतो. हे तंतू मात्र आणखी कशाचे बनलेले नाहीत. तिथे उपमा संपते. पण ती कुठे संपते, हे सांगणं आपल्याला जमतंच की. कविता शिकवताना आपण दुसरं काय करतो?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा सिद्धांत आजवर एकाही प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कण-त्वरकात त्याला पूरक ठरतील असे काही नवे कण सापडण्याची आशा अनेकांना होती. ते अजून सापडलेले नाहीत. काही शास्त्रज्ञ या सिद्धांतावर उघड टीका करतात. व्हिडिओतलं वाक्य होतं, ‘जग तंतूंचं बनलंय.’ प्रामाणिक वाक्य आहे, ‘जग तंतूंचं बनलेलं असावं.’ ‘आहे’ आणि ‘असावं’! विध्यर्थ आपण तीन मार्कांसाठी शिकवतो, पण त्याचा खरा उपयोग मला इथे कळला. हा फरक ओळखणारं मूल उद्या औषधाच्या जाहिरातीलाही सहजासहजी फसणार नाही.

ती मुलगी दहावीत गेल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘बाई, दोन वर्षं लागली की हो!’

लागली खरी. तुम्ही एवढा वेळ लावू नका. घरी किंवा वर्गात असा प्रश्न आला, तर एवढंच म्हणा, ‘मला माहीत नाही. शनिवारपर्यंत आपण दोघंही वाचून येऊ.’ आणि शनिवारी खरंच वाचून या.