मामा खाते

धानाचे चुकारे खात्यात पडले आणि लाखनीच्या आमच्या भाच्याला लॅपटॉप आला. नागपूरच्या दुकानातल्या पोराने मोठ्या अगत्याने "बसा काका, पाच मिनिटांत सेटिंग करून देतो" म्हटले. चहाही पाजला. घरी येऊन उदबत्ती ओवाळून झाकण उघडले, तर पडद्यावर स्वागत कोणाचे? 'सेल्स' नावाच्या कोणा गृहस्थाचे. भाचा म्हणाला, "मामा, पैसे आपण देल्ले अन् हा तं दुकानाचाच निंगाला!"

झाले होते ते साधेच. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. गिऱ्हाइकाला ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, ओटीपी जातो घरी राहिलेल्या ताईच्या मोबाइलवर, आणि काउंटरवर मागे चार जण ताटकळलेले. मग पोरगा दुकानाचाच ईमेल ठोकून मोकळा होतो. त्या पत्त्याची पहिली पाच अक्षरे उचलून यंत्र मालकाच्या नावाचे फोल्डर तयार करते. इथे ती पाच अक्षरे 'सेल्स'ची भरली.

आम्ही म्हटले, त्यात काय, नाव बदलू. पोराने सांगितलेला एक-दोन-तीन-चार हा पिन टाकला, दुकानाचे खाते तोडून लोकल खाते केले आणि त्याला भाच्याचे नाव दिले. स्वागत भाच्याचे होऊ लागले. पण सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स' उघडले, तर सेल्स तिथेच पाय पसरून बसलेला. पाटी बदलते, फोल्डरचे नाव बदलत नाही. हाताने बदलावे तर आतल्या प्रोग्रामांना आपलेच घर सापडेनासे होते.

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडचे कित्येक तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजवटीत बांधले. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मालगुजारांना गावांचे मालक केले आणि तलाव त्यांच्या नावावर चढले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. १९५६ साली जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, १९९९ साली त्यातून गोंदिया वेगळा निघाला. एवढी खाती बदलली, पण सरकारी कागदावर ते आजही 'माजी मालगुजारी तलाव'च आहेत. लोकांनी त्याचे लाडाने 'मामा तलाव' केले. मालगुजार गेला, गाळ साचला, पण फोल्डरचे नाव कायम.

तलावाचे एक वेळ ठीक आहे, नावामुळे पाणी कडू होत नाही. लॅपटॉपचे तसे नाही. खाते दुकानाचे राहिले आणि वनड्राइव्ह चालू असले, तर पोराच्या टीसीचा फोटो आणि बहिणीच्या लग्नाचे अल्बम दुकानाच्या खात्यात जाऊन बसतात. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असेल, तर ती उघडायची ४८ अंकी किल्लीही त्याच खात्यात जाते. उद्या एखाद्या अपडेटनंतर यंत्राने किल्ली मागितली, की धरा नागपूरची बस.

इलाज आहे. यंत्र कोरे असेल तर फार विचार करू नका. 'रिसेट धिस पीसी'मध्ये जाऊन सगळे पुसा आणि स्वतःच्या ईमेलने पहिल्यापासून सुरू करा. घंटा-दीड घंटा जाईल. काम साठले असेल तर मात्र क्रम चुकवू नका. सेटिंगमध्ये 'अदर युजर्स'मधून नवा वापरकर्ता जोडा, त्याला आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, त्याच्या नावाने आत शिरा, जुन्या फोल्डरमधल्या फायली पेन ड्राइव्हवर आणि नव्या फोल्डरमध्ये उतरवा, त्या उघडतात का बघा. जुने खाते काढायचे ते यानंतर, कारण ते काढले की त्याच्या पोटातले सगळे जाते. आमच्या ओळखीच्या एका ग्रामसेवकाने घाईत उलटा क्रम धरला आणि घरपट्टीची यादी पुन्हा टाइप केली.

दुकानदाराची लबाडी असते असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक वेळा ती घाई असते. पण बिलावर नाव गिऱ्हाइकाचे आणि यंत्रात नाव दुकानाचे, याला आपल्याकडे मामा बनवणे म्हणतात. तेव्हा खोके फोडायच्या आधी आपला ईमेल, त्याचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल खिशात असू द्या, आणि पोरगा 'मी करून देतो' म्हणाला तर कीबोर्ड आपल्याकडे ओढा.

भाच्याचा लॅपटॉप आम्ही पुसून नव्याने उभा केला. फोल्डर त्याच्या नावाचे झाले. सोबत मिळालेले कायमचे ऑफिस मात्र ज्या खात्यावर पहिल्यांदा चालू होते त्यालाच चिकटते. दुकानातल्या पोराने ते तिथेच हौसेने चालू करून दाखवले होते. भाचा गेले दोन महिने लिब्रेऑफिसवर असाइनमेंट लिहितो आहे, आणि पैसे मोजलेले ऑफिस 'सेल्स'च्या नावावर आहे.