टीव्हीच्या खोक्यावर एक्सपायरी डेट कुठाय?

यंदा अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी लालबागला आत्याकडे गेलो होतो. तिसरा मजला, लाकडी जिना. पाण्याच्या तांब्याआधी हातात रिमोट आला. "तू पेपरात लिहितोस ना, मग बघ बरं याला काय झालंय ते." पेपरात लिहिणाऱ्याला टीव्ही दुरुस्त करता येतो, हा आमच्या अख्ख्या खानदानाचा समज आहे.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेत. लालबागच्या राजाचा मंडप हाकेच्या अंतरावर, ढोल-ताशे घरात ऐकू येतात, पण जिना उतरून त्या गर्दीत शिरणं आता तिला जमत नाही. गेली काही वर्षं ती टीव्हीवर थेट दर्शन घेते. समोर निरांजन ठेवते, हात जोडते. यंदा ते ॲपच उघडेना. पडद्यावर एकच वाक्य: नेटवर्कशी संपर्क होत नाही, पुन्हा प्रयत्न करा. बिचारी पंधरा दिवस पुन्हा प्रयत्न करत होती.

मी यायच्या आधी तिने काय काय केलं ते ऐका. इंटरनेटवाल्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, "मॅडम, तुमचा प्लॅन लहान आहे, स्पीड वाढवून घ्या." चाळीस एमबीपीएसचा दीडशेचा करून दिला. महिन्याला पैसे वाढले, ॲप बंदच. मग टीव्ही कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. ते म्हणाले, वायफायचा प्रॉब्लेम आहे. ॲपवाल्यांचा फोन नंबरच नाही, ईमेल करायचा. शेजारच्या मुलाने केला, तर उत्तर आलं की टीव्ही कंपनीशी संपर्क साधा. तिघांनी मिळून म्हातारीचा चेंडू केला.

आधी त्या स्पीडचं बघू. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोरकेला १५. चाळीसमध्ये न चालणारं ॲप दीडशेत चालेल, असं एका खोलीत राहणाऱ्या बाईला सांगणं याला माझ्या भाषेत सल्ला म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

वायफायचा प्रॉब्लेम चाळीत नसतोच असंही नाही. भरपूर असतो. एका मजल्यावर वीस-पंचवीस बिऱ्हाडं आणि जवळपास प्रत्येकाचा राउटर. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. म्हणजे सार्वजनिक नळावर पंचवीस बादल्या. त्यात आपण राउटर ठेवतो पोटमाळ्यावर, ट्रंका आणि पत्र्याच्या डब्यांमागे. लोखंडी कपाटामागे गेलेला सिग्नल परत येत नाही. अशा वेळी राउटर उघड्यावर आणायचा आणि टीव्ही घेत असेल तर ५ गिगाहर्ट्झला जोडायचा. तो पट्टा भिंतीतून कमी जातो, पण दहा बाय बाराच्या खोलीत भिंत आहेच कुठे? उलट परळ-लालबागच्या नव्या टॉवरांत काँक्रीटच्या भिंतींमागे, आतल्या खोलीत तोच पट्टा हात टेकतो. सगळ्यात बरी म्हणजे दोनशे रुपयांची लॅनची वायर. थेट टीव्हीच्या मागे खोचायची.

हे सगळं केलं. राउटर खाली आणला, वायर लावली, टीव्ही रिमोटने नाही तर प्लगातून बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. तारीख-वेळ तपासली, कारण टीव्हीचं घड्याळ चुकलं तरी ॲप सुरक्षित जोडणी नाकारतं आणि दोष नेटवर्कवर येतो. साठवण भरली होती म्हणून न लागणारी ॲप काढली. मग साधी परीक्षा घेतली. त्याच वायफायवर, टीव्हीच्या शेजारी उभं राहून माझ्या फोनवर तेच ॲप लावलं. लगेच चालू! राजा समोर. आत्याने फोनलाच नमस्कार केला.

म्हणजे नेट ठीक. लाइन ठीक. दोष टीव्हीत. आणि टीव्हीत तरी काय बिघडलं होतं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, लॅमिंग्टन रोडवर उमेदवारी केलेला माणूस. तो हसला. "साहेब, पॅनल चांगलंय, अजून चार-पाच वर्षं सहज जाईल. बॅकलाइट गेली तर पट्टी बदलून देईन, पॉवर बोर्ड गेला तर तोही करीन. पण कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलंय, ॲपची नवी आवृत्ती यावर चढत नाही. त्याला मी काय करू?" टीव्ही २०१८ च्या दिवाळीत हप्त्याने घेतलेला. सात वर्षांत आतून मेला, बाहेरून ठणठणीत. मुख्य पडद्यावरच्या जाहिराती तेवढ्या रोज नव्या येतात. त्यांना मात्र हा टीव्ही जुना होत नाही.

आत्याकडे याआधी पोर्टेबल टीव्ही होता. कौलांवर चढून अँटेना फिरवायचो. "आला का?" "आला... गेला... थांब, थांब!" मग केबल आली. केबलवाल्याची दादागिरी होती, पावतीही द्यायचा नाही, पण पुढच्या गल्लीत बसायचा. मॅच बंद पडली की गॅलरीतून हाक मारायची, पोरगा जिना चढून यायचा. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत जुनी केबल बंद झाली, प्रत्येकाला सेट-टॉप बॉक्स घ्यावा लागला. खूप शिव्या घातल्या लोकांनी. पण निदान तारीख सरकारने आधी सांगितली होती, पेपरात छापून आली होती, आम्हीच छापली होती. आता टीव्ही कधी बंद पडणार याची तारीख कोणी सांगत नाही. एका सकाळी नुसतं ॲप उघडत नाही.

तारीख मात्र असते. काही वेळा अक्षरशः यंत्रात लिहिलेली असते. सुरक्षित साइट ओळखण्यासाठी उपकरणात मूळ प्रमाणपत्रं ठेवलेली असतात आणि त्यांना मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकली होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली आणि अपडेट न मिळालेल्या जुन्या उपकरणांवर कितीतरी साइट उघडेनाशा झाल्या. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स अमेरिकेतल्या काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर बंद झालं. म्हणजे हा प्रकार नवा नाही आणि एकट्या आत्याचाही नाही.

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे. जुन्या चिपला नवे व्हिडिओ फॉरमॅट झेपत नाहीत, सुरक्षेचे नियम बदलतात, दहा वर्षं सगळं कोण सांभाळणार? मान्य. नका सांभाळू दहा वर्षं. पण मग विकतानाच सांगा की पाचच वर्षं सांभाळू. ग्राहक ठरवेल स्मार्ट टीव्ही घ्यायचा, की साधा टीव्ही घेऊन मागे स्टिक लावायची.

आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर तारीख लागते. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे टीव्हीच्या खोक्यावरही एमआरपी, निर्मितीचा महिना-वर्ष, तक्रारीचा पत्ता छापावा लागतो. वीज किती खाणार त्याचे स्टार असतात. वैधमापनवाले किराणा दुकानात वजनं तपासतात, ठीकच आहे, पण चाळीस हजारांच्या वस्तूचं आयुष्य मापायला कोणी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूचा दर्जा जाणून घ्यायचा हक्क दिलाय. स्मार्ट टीव्हीचा दर्जा म्हणजे तो किती वर्षं स्मार्ट राहणार हे नाही, तर दुसरं काय?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या वस्तूंना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यात डिसेंबर २०२७ पासून अशा वस्तूंना साधारण पाच वर्षांचा आधार द्यावा लागेल. हे नियम सुरक्षेपुरते आहेत, ॲप चालू ठेवायची हमी त्यांत नाही. तरी सुरुवात आहे. त्या बाजारांसाठी तारीख सांगता येते, मग दादरच्या दुकानात का नाही?

आणि वेळ कुठली आहे बघा. २२ सप्टेंबरपासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दसऱ्याला दुकानं भरली होती, दिवाळीला आणखी भरतील. जाणार असाल तर विक्रेत्याला एकच विचारा: याला अपडेट कोणत्या सालापर्यंत? बिलावर लिहून द्या. मी दादरला तीन दुकानांत विचारलं. एकाने वॉरंटी कार्ड दाखवलं, दुसरा म्हणाला "लाइफटाइम", तिसऱ्याने चहा पाजला. लिहून कोणीच दिलं नाही.

आत्याच्या टीव्हीला आता मागे एक स्टिक लावलीय. तीन हजार गेले. दोन रिमोट झालेत, त्यातल्या एकावर मी पांढरी चिकटपट्टी लावून "देव" असं लिहिलंय. राजा निघायच्या आदल्या रात्री तिला दर्शन झालं. इंटरनेटचा प्लॅन पुन्हा चाळीसवर आणायला मात्र चार फोन लागले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर टीव्हीची तक्रार नोंदवलीय, क्रमांक मिळालाय. काही उत्तर आलं तर इथेच टाकतो. तुमच्या घरातही असा ठणठणीत पण मेलेला टीव्ही असेल, तर घेतल्याचं साल आणि बंद पडल्याचं साल खाली लिहा. मला यादी करायची आहे.