खोट्या दाखल्यांचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीविरुद्धचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आपल्या निष्कर्षाच्या पुष्ट्यर्थ ज्या तीन निवाड्यांचे दाखले दिले होते, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर डोळे मिटून विसंबू नये, असे बजावून न्यायालयाने आकारणी नव्याने करण्यास सांगितले.

अशा प्रकारांना ‘यंत्राला झालेला भ्रम’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि जबाबदारी झटकू पाहणाऱ्यांना फार सोयीचा आहे. भाषिक प्रारूप आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची संभाव्यता किती, याचे गणित करते. पक्षकारांची नावे, मध्ये ‘विरुद्ध’, मग वर्ष, खंड आणि पृष्ठक्रमांक हा दाखल्याचा साचा त्याने असंख्य वेळा पाहिलेला असतो. तो भरणे त्याला सहज जमते. खरा दाखला देताना आणि खोटा रचताना त्याच्या आत चालणारी प्रक्रिया एकच असते. त्यामुळे उत्तराच्या डौलावरून त्याची सत्यता ओळखता येत नाही. कॅलिब्रेशन न केलेल्या उपकरणाचा आकडा शोधनिबंधात छापणाऱ्या संशोधकाला ‘उपकरणच चुकले’ असे म्हणून सुटका मिळत नाही. मग सही करणाऱ्या वकिलाला किंवा अधिकाऱ्याला ती का मिळावी?

अज्ञानाची सबब तर केव्हाच संपली आहे. चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ मध्ये वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला, तेव्हा ती बातमी जगभर गाजली होती.

समर्थकांचा युक्तिवाद मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. देशात सुमारे पाच कोटी खटले प्रलंबित आहेत. निवाड्यांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुवास’ ही प्रणाली २०१९ मध्येच आणली. यंत्राने वेळ वाचत असेल तर तो का वाचवू नये? परंतु वाचलेला हा वेळ नेमका कोणाचा, हा प्रश्न येथे विचारला जात नाही. खोटा दाखला तयार व्हायला काही सेकंद लागतात. तो कोठेच नाही हे सिद्ध करायला तास खर्ची पडतात. लिहिणाऱ्याचे श्रम कमी होतात, ते विरुद्ध पक्षाच्या आणि न्यायाधीशांच्या माथी येतात. मोठ्या कंपनीकडे शोध घेणारे कनिष्ठ वकील असतात. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या एकट्या वकिलावर भिस्त असलेल्या शेतकऱ्याने किंवा निवृत्तिवेतनासाठी भांडणाऱ्या विधवेने ही पडताळणी कोणाकडून करून घ्यावी? त्यात खोटा दाखला देणारी बाजू शासनाचीच असेल, तर नागरिकाने दाद मागेपर्यंत तो कायदा म्हणूनच त्याच्यावर लागू होतो.

सरसकट बंदी हाही उपाय नव्हे. बंदीने वापर थांबत नाही, लपतो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष व निकाल यांसाठी या साधनांचा वापर निषिद्ध ठरवला. हे पाऊल योग्यच आहे. पण ते न्यायाधीश आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठी आहे. दाखले लिहिणारे हात बहुधा न्यायालयाबाहेरचे असतात.

यातील अर्धे काम यंत्राकडूनच करून घेता येईल. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ‘ई-एससीआर’वर जानेवारी २०२३ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत; निवाड्यांना एकसमान ‘न्यूट्रल सायटेशन’ क्रमांक देण्याची पद्धतही रुळते आहे. कागदपत्रे ऑनलाइन दाखल होतानाच प्रत्येक क्रमांक अधिकृत संग्रहाशी ताडून पाहणे हा संगणकासाठी किरकोळ शोध आहे. जुन्या निवाड्यांसाठी मूळ प्रत जोडण्याची सक्ती करावी. अर्थात, निवाडा अस्तित्वात असणे आणि त्यात सांगितले तेच असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट माणसानेच वाचून ठरवली पाहिजे आणि ‘मूळ निवाडा मी वाचला आहे’ असे सहीनिशी लिहून दिले पाहिजे. ते खोटे ठरल्यास खर्चाचा भुर्दंड सही करणाऱ्यावर, आणि तो शासकीय अधिकारी असेल तर त्याच्यावरही पडावा.

ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यातून वेग विकत घेता येईल. पडताळणीचा खर्च त्याच हिशेबात धरला नाही, तर तो सर्वांत दुबळ्या पक्षकाराकडून वसूल होत राहील.