मेंदूतले वण

लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली सून दुपार होताच गळून जाते. एक डोळा दुखतो, धूसर दिसते, पाय बधिर होतात. काही आठवड्यांनी सारे बरे वाटते. घरात कुणी म्हणते कामचोर आहे, कुणी म्हणते नजर लागली. तपासणीचे मात्र कुणी बोलत नाही. यामागे इतर कारणे असू शकतात, तसाच मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणजे एम.एस. हा आजारही असू शकतो. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट आढळतो.

पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत त्यांना कडक झालेले चट्टे दिसले. स्क्लेरॉसिस म्हणजे कडक होणे. नाव त्यावरूनच पडले.

हे चट्टे येतात कुठून? विजेच्या तारेवर वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. एम.एस.मध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून त्यावरच हल्ला करते. आवरण गेले की संदेश अडखळतात. मग अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, पुढे येतात. एरवी त्या चेतापेशींना पोषण पुरवतात, रक्त आणि मेंदू यांमधली भिंत सांभाळतात. जखम झाली की त्या फुगतात, वाढतात आणि त्या जागी वण तयार होतो.

हा वण शत्रूच, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. २०१६ साली अमेरिकेत उंदरांच्या जखमी मज्जारज्जूत तो होऊच दिला नाही. तरी तुटलेले तंतू वाढले नाहीत. म्हणजे वण काही प्रमाणात आधारही देतो. पण २०१७ साली स्टॅनफर्डच्या बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने दुसरी बाजू दाखवली. सुजेमुळे चेतवलेल्या काही अ‍ॅस्ट्रोसाइट उलट चेतापेशींना आणि मायलिन बनवणाऱ्या पेशींना मारतात. अशा पेशी एम.एस.च्या रुग्णांतही सापडल्या. म्हणून वण सरसकट पुसण्यापेक्षा या पेशींचे बिघडलेले वागणे सुधारता येईल का, याचा शोध सुरू आहे.

आजची औषधे मुख्यतः संरक्षक यंत्रणेला आवरतात. नवे हल्ले कमी होतात. झालेला वण मात्र त्यांनी जात नाही. म्हणूनच वेळ मोलाची आहे. डोळा दुखून धूसर दिसणे, बधिरपणा, तोल जाणे अशी लक्षणे एक-दोन दिवस टिकली, तर ती आपोआप गेली तरी मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. एम.आर.आय.मध्ये चट्टे दिसतात.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. उन्हाने, तापाने त्रास वाढतो, तेव्हा चुलीजवळची आणि दुपारची कामे इतरांनी वाटून घ्यावीत. तिचा थकवा बाहेरून दिसत नाही. ती सांगते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा.