आधी काढायचं बोला!

बरेच दिवसांनी लिहितेय. विषय नाजूक आहे आणि हा ब्लॉग आमच्या काकू-आत्याही वाचतात. असो, तरी लिहिणारच.

आमच्या हिंगण्याच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताई 26 वर्षांच्या, दोन पोरांची आई. "ऑपरेशन करून टाक ना वं," सासू, नणंद, शेजारीण सगळ्या म्हणतात. नवऱ्याला कोणी म्हणत नाही! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के नसबंदीवर, आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. पुरुषांचं ऑपरेशन त्याहून सोपं, तरीही.

दंडाच्या कातडीखाली बसवायची काडीपेटीतल्या काडीएवढी इम्प्लांट असते. त्यातलं हार्मोन हळूहळू सुटतं, तीन वर्षं गर्भ राहत नाही, भरवसा 99 टक्क्यांहून जास्त. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. पाळी मात्र अनियमित होते, हे आधीच सांगायला हवं. 2023 पासून सरकारने ती काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत आणली. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी असं माझं म्हणणं.

"बायकांच्या शरीरावर प्रयोग नकोत" म्हणणाऱ्यांना मी हसणार नाही. नेट-एन इंजेक्शनविरुद्ध स्त्री संघटना 1986 साली सुप्रीम कोर्टात गेल्या, त्या उगीच नाही. पण 2014 मध्ये बिलासपूरकडच्या शिबिरांत 13 बायका गेल्या, त्या नसबंदीच्या ऑपरेशननंतरच ना? एका शिबिरात तर काही तासांत 83 ऑपरेशनं उरकली होती. मग कायमचं ते चालतं आणि काढता येणारी काडी तेवढी संशयास्पद, हा कुठला न्याय?

माझी अट एकच. माझी बहीण तांबी काढायला गेली तेव्हा "राहू द्या की अजून, घाई काय" म्हणून तिला तीनदा परत पाठवलं. तांबीला निदान दोरा असतो. ही काडी काढायला छोटा छेद घ्यावा लागतो, शिकलेला हात लागतो. जिथे तो हात नाही, तिथे काडी लावूच नका. आणि बाई "काढा" म्हणाली की काढायची, त्याच दिवशी. कारण विचारायचं नाही, नवऱ्याची सही मागायची नाही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं 1921 साली. शंभर वर्षं उलटली, आणि आमच्या ताईंपुढे पर्याय एकच, तोही दुसऱ्यांनी ठरवलेला.

काकू, रागावलात तर फोन करा. पण आधी सांगा, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?