विसरलेले शब्द

१९६० साली बर्लिन शहरात अमेरिकेच्या विख्यात गायिका एला फिट्झजेराल्ड हजारो श्रोत्यांपुढे गात होत्या. ‘मॅक द नाइफ’ हे गीत ऐन रंगात आले आणि पुढचे शब्दच त्यांना आठवेनात! त्या थांबल्या नाहीत. विसरल्याची कबुलीही त्यांनी सुरांतच दिली आणि नवे बोल रचीत गीत तडीस नेले. तबकडी काढताना तो भाग गाळला गेला नाही. त्याच गायनाला पुढे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

मुलांनो, प्रत्येक चूक जपावी, असे मी म्हणत नाही. निष्काळजीपणाची चूक सुधारलीच पाहिजे. परंतु दीर्घ साधना केलेल्या कलावंताला अडचणीच्या क्षणी जे सुचते, त्यात त्याचे मन प्रकट होते. ते पुसून टाकल्यास कृती निर्दोष होईल खरी. पण तिचा जिवंतपणा हरपेल.